स्वभाव म्हणून जे तीस वर्षं सांभाळलं

जून २०२३ मधे माझ्या मुलाची चौथी सुरू झाली आणि ऑगस्टपासून माझ्या छातीत दुखायला लागलं. ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध असेल असं तेव्हा मनातसुद्धा आलं नव्हतं. इसीजी झाला, टूडी इको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, सगळं नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू केल्या. वय चाळीस, भोसरीत क्वालिटी डिपार्टमेंटला नोकरी, रोज दीड तास ट्रॅफिक, त्यामुळे टेन्शन असणारच असं मी घरच्यांना सांगत होतो आणि स्वतःलाही.

आधीच सांगतो, नऊ वर्षांचा असताना माझ्यावर लैंगिक अत्याचार झाला. माझ्याशी नक्की काय केलं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. त्याची गरज नाहीये. मला नंतरचं सांगायचंय, कारण नंतरचं कोणी सांगत नाही.

तर झालं असं की सप्टेंबरमधे एका संध्याकाळी मुलाला ट्यूशनवरून आणायला जरा लवकर गेलो. शिकवणारा मुलगा तिशीच्या आतला, चांगला, दार सताड उघडं, आत सात-आठ पोरं बसलेली. तो माझ्या मुलाच्या खुर्चीमागे उभा राहून भागाकार समजावत होता आणि त्याचा एक हात मुलाच्या खांद्यावर होता. बस्स एवढंच. मी आत गेलो, मुलाचा दंड धरला, दप्तर उचललं आणि एक शब्द न बोलता बाहेर आलो. पाण्याची बाटली तिथेच राहिली. स्कूटरवर हात इतके थरथरत होते की सिंहगड रोडला एका मेडिकलसमोर गाडी लावून उभा राहिलो, आणि मुलगा विचारत होता बाबा माझं काय चुकलं, बाबा माझं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं आणि त्या शिकवणाऱ्या मुलाचंही नव्हतं. नंतर त्याला भेटून मी माफी मागितली.

त्या रात्रीपासून झोप गेली. डॉक्टरांकडे परत गेलो तेव्हा त्यांनी मशीन वगैरे बाजूला ठेवलं आणि विचारलं, घरात काही झालंय का? मी नाही म्हणालो. मग म्हणाले, लहानपणी काही? मी गप्प. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, चिठ्ठीवर एका काउन्सेलरचं नाव लिहून दिलं.

तो पहिला अनुभव वाईट गेला. ते गृहस्थ वयस्कर होते, मी कसंबसं एका वाक्यात सांगितलं तर म्हणाले कोळसा उगाळावा तेवढा काळाच, आता मोठे झालात, माफ करून टाका आणि पुढे बघा. बाहेर येऊन मला वाटलं बरोबरच आहे, आपणच बाऊ करतोय. आणखी दोन महिने तसेच काढले. हे मुद्दाम लिहितोय कारण तिथेच थांबणारे खूप असतील. असं ज्याला कोणी म्हणेल त्याने दुसरा माणूस शोधावा, प्लीज.

दुसरीकडे मी बायकोच्या मैत्रिणीच्या ओळखीने गेलो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पन्नाशीच्या बाई. दर शनिवारी अकरा वाजता, एका वेळचे बाराशे रुपये. मला वाटलं होतं की पहिल्या दिवशीच सगळं ओकून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. त्यांनी ते करूच दिलं नाही. म्हणाल्या, तुम्हाला सांगायचंय ते मला कळतंय, पण आधी तुम्ही सांगताना कोसळलात तर परत उभं कसं राहायचं ते शिकू. पहिले सहा-सात शनिवार त्यातच गेले. श्वास सोडायचा तो घेतलेल्यापेक्षा जास्त वेळ सोडायचा. अंगाला घाम फुटला की आजूबाजूच्या पाच गोष्टी बघायच्या, चार हाताला लावून बघायच्या, तीन आवाज ऐकायचे, दोन वास, एक चव. मला ते सुरुवातीला पोरकट वाटलं, पण एकदा कंपनीत मीटिंगमधे कोणीतरी मागून येऊन खांद्यावर थाप मारली आणि मी तिथल्या तिथे टेबलाच्या कडेवर बोटं दाबून तेच केलं, आणि मीटिंग सोडून जावं लागलं नाही. तेव्हापासून विश्वास बसला. रात्री फारच वाईट विचार आले तर लावायला म्हणून टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्यांनी माझ्या फोनमधे त्यांच्यासमोर सेव्ह करायला लावला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी दोनदा लावला.

मग त्यांनी एक यादी करायला सांगितली. तुम्हाला लोक 'ह्याचा स्वभावच असा' म्हणतात त्या सगळ्या गोष्टी लिहून आणा.

मी लिहिलं. हॉटेलात भिंतीला पाठ लावूनच बसतो. झोपताना पॅसेजमधला दिवा लागतो. कटिंग करताना मानेवरून मशीन फिरलं की दात आवळतो, चंपी कधीच करून घेत नाही. दाताचा डॉक्टर आठ वर्षं टाळला. बायकोने मागून येऊन हात लावला तर दचकून ओरडतो, मग तिला राग येतो, मग मी दोन दिवस बोलत नाही. कोणी मनापासून कौतुक केलं की आता हा आपल्याकडून काय मागणार असं वाटतं. बोलता बोलता तंद्री लागते, शाळेपासून प्रगतीपुस्तकात तेच, 'लक्ष नसते'. तंद्रीत मी छताचे चौकोन मोजतो. मुलाला कोणाकडे राहायला पाठवत नाही, अगदी सख्ख्या बहिणीकडे सुद्धा नाही, त्यावरून आमच्यात दोन वर्षं अबोला होता.

एकवीस मुद्दे झाले. बाईंनी ते वाचले आणि विचारलं, ह्यातलं तुम्ही नऊ वर्षांचे व्हायच्या आधी काय काय होतं?

मी बराच वेळ बघत बसलो. एकही नव्हतं.

मी इचलकरंजीचा. वडील सायझिंगमधे, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कारखान्यात, दिवाणजी होते, घर भाड्याचं, खाली दोन खोल्या आणि वर कौलारू माळा, भिंतीला भिंत लागून शेजारी मागाचा कारखाना. दिवसभर मागांचा खडखडाट, त्याची सवय झालेली असते, उलट माग थांबले की कान दुखतात. १९९२-९३ ला मी चौथीत होतो. चौथीची स्कॉलरशिप म्हणजे तेव्हा घरात मोठी गोष्ट. शिकवायला लांबच्या नात्यातला एक माणूस यायचा, त्याला मी सर म्हणायचो. शिकवणी वर माळ्यावर, कारण खाली आजीचं अंथरूण. सात-आठ महिने चाललं. कौलं किती होती ते मला आजही माहितीय, एकशे बारा. मोजत मोजत मी तिथे वर कौलांमधे जायचो आणि खाली काय चाललंय ते दुसऱ्याच कुठल्यातरी मुलाचं असायचं. स्कॉलरशिप गेली, त्याबद्दल वडिलांनी पट्ट्याने मारलं ते वेगळं.

बाईंनी त्या कौलांमधे जाण्याला डिसोसिएशन म्हणतात असं सांगितलं. पळताही येत नाही आणि लढताही येत नाही तेव्हा मेंदू तेवढ्यापुरतं मुलाला तिथून काढून नेतो. नऊ वर्षांच्या मुलाकडे दुसरं काहीच नव्हतं, ते एक होतं आणि ते त्याने वापरलं. पण धोका टळला तरी ती सवय राहते, आणि तीस वर्षांनी माणूस बायको काहीतरी महत्त्वाचं सांगत असताना छताचे चौकोन मोजत बसतो.

माझा खरा काटा वेगळाच होता आणि तो सांगायला मला चार महिने लागले. एकदा शिकवणी चालू असताना लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले, गल्लीत चिडीचूप झालं. खाली आई तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज मला वर ऐकू येत होता. तेव्हा मी एक हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. बाकी सगळ्या दिवसांबद्दल मी स्वतःला सांगू शकत होतो की आवाजात कोणाला ऐकू गेलं नसतं, पण त्या दिवसाचं काय? तीस वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी मी हाक मारली नाही म्हणजे कुठेतरी माझीच तयारी होती.

बाईंनी सशाचं उदाहरण दिलं, घारीची सावली पडली की ससा पळत नाही, दबून बसतो. धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, विचार करणाऱ्या भागाला विचारत बसत नाही, शरीर गोठतं, आवाज फुटत नाही. त्याला फ्रीझ म्हणतात आणि तो निर्णय नसतो. मला डोक्याला पटलं पण आत पटलं नाही. मग त्यांनी विचारलं, तुमच्या कामात एखादा खराब पीस सापडला की तुम्ही काय करता? मी म्हणालो व्हाय-व्हाय करतो, का झालं, मग ते का झालं, असं पाच वेळा. आणि उत्तर 'ऑपरेटरची चूक' आलं तर? मी म्हणालो तसा रिपोर्ट मी परत पाठवतो, ऑपरेटरवर थांबायचंच नसतं, त्याच्या हातून ते घडू शकलं अशी व्यवस्था कोणी केली तिथपर्यंत जावं लागतं. त्या म्हणाल्या, मग हा रिपोर्ट तुम्ही तीस वर्षं ऑपरेटरवर का थांबवून ठेवलाय?

त्या शनिवारी मी पहिल्यांदा रडलो. घरी जाऊन परत रडलो.

आणि मग व्यवस्था दिसायला लागली. त्या माणसाने आधी आमचं घर जिंकलं होतं. वडिलांचे अर्ज लिहून द्यायचा, आजीची औषधं आणायचा, फी निम्मी घ्यायचा. मला शाईपेन दिलं, प्लॅस्टिकचा बॉल दिला, वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा तू हुशार आहेस म्हणाला. मग एक छोटं गुपित ठेवायला लावलं, बॉल कोणी दिला ते सांगू नको, असलं. मी ते ठेवलं, त्यामुळे पुढचं गुपितही माझंच झालं. ह्याला ग्रूमिंग म्हणतात हे मला चाळिशीत कळलं. बॉल घेतला म्हणजे मी सामील होतो असं मी धरून चाललो होतो. नऊ वर्षांचं पोर बॉल घेणारच.

एक गोष्ट बाईंच्याच लक्षात आली. मी त्याच्याबद्दल बोलताना 'ते' म्हणायचो. ते आले, त्यांनी दार लावलं. अहो-जाहो! त्यांनी टोकलं नाही, एक दिवस फक्त विचारलं, तुम्ही त्यांना अजून सर म्हणता का हो? त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी कधीतरी माझ्या तोंडून 'तो' गेलं आणि मीच थबकलो.

मला आकडे लागतात, कामाची सवय. तर त्यांनी मला २००७ च्या केंद्र सरकारच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. महिला व बालविकास मंत्रालयाचा, १३ राज्यं, १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. आणि असं सांगणाऱ्यांमधे ५२.९४ टक्के मुलगे होते. मी तो आकडा दोनदा विचारून घेतला. कारण मला लहानपणापासून वाटत होतं की असं मुलींच्या बाबतीत होतं, मुलाच्या बाबतीत झालं म्हणजे त्या मुलातच काहीतरी गडबड असणार. करणारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

छातीत दुखण्याबद्दलही त्यांनी असाच एक अभ्यास सांगितला. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. फेलिट्टी १९८० च्या दशकात वजन कमी करण्याचं क्लिनिक चालवत होते, आणि ज्यांचं वजन छान उतरत होतं तेच लोक मधेच सोडून जात होते. बोलता बोलता निघालं की त्यातल्या कितीतरी जणांवर लहानपणी अत्याचार झालेले होते आणि वाढलेलं वजन त्यांना सुरक्षित वाटत होतं. त्यातून पुढे १७ हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ ला छापून आले, आणि लहानपणीचे वाईट अनुभव जितके जास्त तितकं डिप्रेशन, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, अगदी हृदयविकाराचंसुद्धा प्रमाण जास्त असं दिसलं. म्हणजे प्रत्येकाला होतंच असं नाही, पण शरीर हिशेब ठेवतं. माझ्या निदानाचं नाव कॉम्प्लेक्स पीटीएसडी. पीटीएसडी म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत आहे, जी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. नेहमीच्या पीटीएसडीची लक्षणं, आणि वर भावना आवरता न येणं, आपण मुळातच खराब आहोत असं वाटत राहणं, जवळच्या माणसांशी जवळ राहता न येणं. नाव मिळाल्यावर मला हलकं वाटलं हे खरंय.

बायकोला सांगायचं होतं पण तोंडाने जमेना, म्हणून कागदावर लिहून दिलं. ती किचनमधे होती, दूध तापत होतं. तिने वाचलं, गॅस बंद केला, आणि पहिलं वाक्य काय बोलली तर "म्हणून तू त्याला कधी आंघोळ घातली नाहीस?"

ते मी यादीतसुद्धा लिहिलं नव्हतं. मुलगा जन्मला तेव्हापासून मी त्याला कधी आंघोळ घातली नाही, तेल लावलं नाही, कपडे बदलले नाहीत. ती नऊ वर्षं समजत होती की हा अंगचोरपणा करतो, पुरुषी माज आहे. मला भीती होती. कुठेतरी वाचलेलं की ज्यांच्यावर होतं ते पुढे तसंच करतात, आणि मी स्वतःच्या हातांनाच घाबरून होतो. मनात तसं कधी काही आलं नव्हतं, पण आलंच तर, ह्या भीतीने मी माझ्या लेकराला कडेवर घेऊन झोपवलंसुद्धा नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलं की हे अर्धवट ऐकलेलं आहे, अत्याचार सोसलेले बहुसंख्य लोक आयुष्यात कोणाशीही असं करत नाहीत. मला हे कोणीतरी मुलगा तान्हा असताना, २०१४ मधे सांगायला हवं होतं. त्या माणसाने माझ्याकडून जे जे घेतलं त्यात मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच, माझं बाळ बाळ असतानाची ती वर्षं.

तो माणूस २०१४ मधेच वारला. मी उत्तरकार्याला गेलो होतो, हार घातलेल्या फोटोला नमस्कार केला, पंगतीत जेवलो. ह्या जेवणाचा राग मला थेरपीत आला, दहा वर्षांनी, आणि इतका आला की गाडीच्या काचा बंद करून ओरडलो. आणि त्याच्याही आधी, २०१२ च्या मे महिन्यात टीव्हीवर एका रविवारी सकाळी ह्याच विषयावरचा कार्यक्रम लागला होता, आम्ही सगळे गावाकडे एकत्र बघत होतो, मावशी म्हणाली कसली कसली माणसं असतात बाई, आणि मी उठून पिण्याचं पाणी भरायला गेलो. तेव्हा तो जिवंत होता.

वकिलांना पण विचारून आलो, माहिती असावं म्हणून. मेलेल्या माणसावर केस होत नाही हे मला माहिती होतंच. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, त्याआधी घडलेल्याला तो लागत नाही, आणि माझ्या वेळच्या बलात्काराच्या कलमात मुलगा बसतच नव्हता. आता तसं नाहीये. पॉक्सोत मुलगा-मुलगी असा फरक नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलिसाने युनिफॉर्म घालायचा नाही, नाव बाहेर द्यायचं नाही. आणि कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. लहान मूल स्वतः १०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करू शकतं. आमच्या फ्रिजवर तो नंबर लावलाय.

आईला सांगावं की नाही ह्यावर माझे तीन शनिवार गेले. बाई म्हणाल्या, ती कशी वागेल ते तुमच्या हातात नाही, ती काहीही बोलली तरी तुम्ही उभे राहाल असं वाटेल तेव्हा सांगा. मे २०२४ ला गेलो. आई पंचाहत्तरीची. सांगितलं, दोन वाक्यं. ती काही बोललीच नाही, शेंगा फोडत होती त्या फोडत राहिली. मला वाटलं ऐकू नाही गेलं किंवा तिला नको आहे. जेवण झालं, मी झोपलो. रात्री कधीतरी येऊन पायाशी बसली.

"पोटात दुखतंय म्हणायचास की रे तू," म्हणाली. "रोज चार वाजले की पोटात दुखतंय. मी ओव्याचं पाणी द्यायची आणि वर लावून द्यायची."

मी म्हणालो आई तुला कुठे माहिती होतं.

"तू सांगत होतास की रे. मला कळंना."

मी आयुष्यभर समजत होतो की मी कोणाला काही सांगितलंच नाही. नऊ वर्षांच्या मुलाकडे त्या गोष्टीला शब्द नव्हता तर त्याने पोट सांगितलं. रोज सांगितलं. आता कोणाचंही मूल ठराविक माणसाच्या वेळेलाच पोट दुखतंय म्हणालं की माझे कान उभे राहतात. असं मूल जेव्हा म्हणतं तेव्हा औषध द्या पण त्याला पाठवू नका, बसवून घ्या, विचारा, आणि जे सांगेल त्यावर पहिलं वाक्य 'कशाला गेलास' असं येऊ देऊ नका.

एकवीस मुद्द्यांपैकी आता तेरा राहिलेत. पॅसेजमधला दिवा अजून लागतो. बहिणीशी बोलतो. भाचीच्या वाढदिवसाला मुलगा तिच्याकडे दोन रात्री राहून आला, त्या दोन रात्री मी झोपलो नाही, पण पाठवला. थेरपी आता महिन्यातून एकदा आहे.

गेल्या दिवाळीला आई पुण्यात होती. पहिल्या आंघोळीला पहाटे बायकोने पाट मांडला, रांगोळी काढली, तेलाची वाटी ठेवली आणि काही न बोलता ती वाटी माझ्या बाजूला सरकवली. मुलगा दहा वर्षांचा, झोपेत पेंगत पाटावर बसलेला. मी विचारलं, मी तेल लावू का रे डोक्याला? तो म्हणाला लाव ना, पण लवकर, थंडी वाजतेय. मी लावलं. केस मऊ आहेत त्याचे, आईसारखे. मग हातांना लावलं, कोपराला खरवडल्याची खूण होती ती कशाची म्हणून विचारलं तर क्रिकेटची म्हणाला. आई आरतीचं ताट घेऊन उभी होती, तिच्याकडे मी बघितलं नाही.

"बाबा, डोळ्यात जातंय," मुलगा ओरडला.
"डोळे मीट मग," मी म्हणालो, आणि माझे पुसले.